रस्त्याकडेची मडकी

एकदा एका वृद्ध स्थापत्यगुरूंकडे त्यांचा तरुण शिष्य खिन्न चेहऱ्याने आला. कुंभारवाड्यातून जाणारा नवा रस्ता त्याने बांधला होता. रुंद, सरळ, गुळगुळीत. कडेला वाळत ठेवलेली मडकी अडचण म्हणून त्यानेच मागच्या अंगणात हलवायला लावली होती. आता तिथून गाड्या सुसाट जात. शेवंता कुंभारणीच्या नातीला एका मोटारीचा धक्का लागला. पाय बरा झाला, पण शाळा रस्त्यापलीकडे; आजी काही केल्या तिला पाठवेना.

“‘सावकाश चालवा’ म्हणून सहा पाट्या लावल्या, गुरुजी. कुणी जुमानत नाही.”

“मग सातवी लावून बघ,” गुरुजी हसले आणि काठी घेऊन त्याच्याबरोबर निघाले.

तिथे पोहोचताच त्यांनी सगळ्या पाट्या उपटायला लावल्या. मग शेवंताबाईंना म्हणाले, “बाई, मडकी पुन्हा दोन्ही कडांना मांडा. मधे दोन गाड्या जेमतेम जातील एवढीच वाट ठेवा.”

“आन् फुटली म्हंजे?” शेवंताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

“एक जरी फुटलं, तर हा महिनाभर तुमची माती तुडवील.”

“ह्यो? ह्याचे पाय कधी बुटाभाईर आल्यात का!”

तरी त्यांनी मडकी मांडली. पहिली मोटार दुरून भरधाव आली, ओल्या मडक्यांच्या रांगा दिसताच मंदावली आणि हलकेच पुढे गेली. तिच्यामागचीही तशीच.

शिष्य चकित झाला. “पाटीवर हेच तर लिहिलं होतं!”

“पाटी ‘हळू’ म्हणत होती आणि तुझा रस्ता ‘पळ’ म्हणत होता,” गुरुजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “माणूस पाटी वाचतो, पण ऐकतो रस्त्याचं. इथे कुणी राहतं, कुणाचे हात राबतात, हे दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो. ते चालक दुष्ट नव्हते रे बाळा. तू त्यांच्यापासून माणसं लपवलीस. मडकी काही कायमची पुरणार नाहीत. आता रस्ता अरुंद कर, झाडं लाव, दारापुढे ओटे बांध.”

दुसऱ्या दिवशी शिष्य झाडांसाठी खड्ड्यांच्या खुणा करत असताना शेवंताबाई नातीचं बोट धरून कडेला येऊन उभ्या राहिल्या. समोरून येणारा मालट्रक मंदावला, थांबला. चालकाने खिडकीतून हात बाहेर काढला. “जा गं बाय, सावकाश जा.”

शेवंताबाईंनी नातीचं बोट सोडलं.