कागदावरची फरशी

दस्तगीर मिस्त्रीने फरशी बसवली, की तिच्यावर ठेवलेल्या गोटीला कुठे घरंगळावं ते कळत नसे. त्याचं बिलही असंच सरळ असे. छोट्या धंद्यांच्या कंपोझिशन योजनेत तो होता. म्हणजे आपल्या कमाईतून थोडा कर भरायचा, पण गिऱ्हाइकाच्या बिलात कर लावायचा नाही.

इचलकरंजीत तात्यासाहेब मगदुमांच्या नव्या मंगल कार्यालयाचा खालचा हॉल पुरा करून त्याने बिल दिलं. तात्यासाहेबांनी चार पाहुण्यांदेखत ते भिरकावलं.

"यात जीएसटी कुठाय? अठरा टक्के लिही."

"मला लावता येत नाही, साहेब. आणि लावला तर तुम्ही देणार?"

"मी कशाला देऊ? तूही भरू नकोस. नुसता कागदावर लिही, मी तो भरला असं दाखवून माझ्या करातून वळता करून घेतो. नाहीतर वरच्या हॉलचं काम दुसऱ्याला!"

वरचं काम दोन महिन्यांचं होतं. पण खोटं बिल केलं, तर चौकशीत दस्तगीरचीच मान अडकणार होती. त्याने कानामागची पेन्सिल काढली, टेबलावरचा नकाशा ओढला आणि वरच्या हॉलवर भराभर चौकोन आखले.

"घ्या, वरची फरशी झाली."

"कुठे झाली?"

"कागदावर. कागदावरचा कर सरकारला चालतो, मग कागदावरची फरशी वऱ्हाडाला का नाही चालणार? बसवा पहिली पंगत!"

पाहुणे खो खो हसले. तात्यासाहेबांनी भिरकावलेलं बिल उचलून त्यावर आहे तशी सही केली.

"अहो मिस्त्री," ते पुटपुटले, "वरचं कधी सुरू करता?"