दुसरी हाक

एका गावाबाहेर, विहिरीकाठच्या बाभळीवर सातभाई पक्ष्यांचं एक कुटुंब राहत होतं. सहा भावांनी खाली पाचोळ्यात किडे टिपायचे आणि एकाने शेंड्यावर बसून पहारा करायचा, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्या दिवशी पाळी मधल्याची होती. पोट रिकामं होतं, त्यामुळे त्याला विचार सुचू लागले.

"शिकारी शिक्रा आला, तर ओरडणारा मीच त्याला आधी दिसणार. मग मी ओरडायचं कशासाठी?"

ढोलीतला विद्वान पिंगळा म्हणाला, "तू कुठे ओरडतोस? तुझं रक्त ओरडतं. ज्या थव्यांचे पहारेकरी गप्प बसले, त्यांचा वंशच उरला नाही. यात तुझं कौतुक शून्य!"

विहिरीच्या पायरीवरचं म्हातारं कासव म्हणालं, "छे, छे! सर्वांभूती एकच आत्मा. ओरडतो तो."

"म्हणजे मी कुठेच नाही?" मधला खट्टू झाला.

इतक्यात आभाळातून शिक्रा सुटला!

विचार करण्याआधीच मधल्याची चोच उघडली. "पळाऽऽ!" सहाही भाऊ भुर्रकन करवंदीच्या जाळीत! मागोमाग तोही. पिंगळ्याने डोळे मिटले. त्याची कामाची वेळ रात्रीची. कासवाने तर सगळी इंद्रियं डोक्या-पायांसकट आवरून घेतली.

उघड्यावर राहिली एक खार. सातभाईंचा कलकलाट रोजचाच, म्हणून ती निवांत शेंग फोडत होती. शिक्रा तिच्याकडे वळला.

आता रक्त ओरडेल म्हणून मधला थांबला. रक्त गप्प. आत्माही काही बोलेना. आठवलं ते एवढंच, की सकाळी हिनेच आपल्या घरट्यातलं मऊ गवत पळवलं होतं.

"मधल्या, हलू नकोस!" थोरला कुजबुजला. "ती आपली कोण लागते?"

"कोणीच नाही रे दादा!" म्हणत मधला जाळीतून सुटला आणि थेट तिच्या डोक्यावरून ओरडत गेला, "अगं बये, पळ!"

शेंग टाकून खार बाभळीवर! शिक्र्याची झडप आली मधल्यावर. शेपटीची पिसं त्याच्या नखांत गेली. ते पाहताच सहाही भाऊ बोंब ठोकत शिक्र्यावर तुटून पडले. एवढ्या गोंगाटात जेवण पचायचं नाही, असं ठरवून तो निघून गेला.

"पाहिलंस? रक्त!" पिंगळ्याने डोळे उघडले.

"आत्मा!" कासवाने डोकं बाहेर काढलं.

"पहिली हाक तुम्ही दोघं वाटून घ्या," बिनशेपटीचा मधला धापा टाकत म्हणाला. "दुसरी माझी."

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसांसाठी तोंड आपोआप उघडतं. परक्यासाठी ते आपल्याला उघडावं लागतं, आणि धर्म तिथून सुरू होतो.