कांदळाच्या मुळाची कातडी

खाडीला अजून कुणी नावही दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. काठच्या चिखलात कांदळाचं एक रोप रुजलं. त्याच्या मुळांवर पातळ कातडी होती. भरतीबरोबर आलेलं मीठ तिला म्हणालं, "मला आत घे, नाहीतर पाण्यालाही आत सोडणार नाही."

"पाणी आत येईल. तू बाहेरच राहायचंस," कातडी म्हणाली.

मिठाने पाणी धरून ठेवलं. पानं मलूल झाली. "घे गं त्याला आत, फार तहान लागलीय," ती कातडीला विनवू लागली.

"ते आत आलं, तर तुमच्यातलं पाणीही ओढून घेईल. मी फाटेन, पण त्याला वाट देणार नाही. तुम्ही वरून पाणी ओढा."

पानांनी उन्हात सगळा जोर लावला. कातडी ताणली गेली, पण फाटली नाही. थेंब थेंब पाणी आत आलं, आणि ते गोडं होतं.

पुढच्या भरतीला मीठ पुन्हा दटावू लागलं. या वेळी पानांनीच त्याला सांगितलं, "बाहेर थांब."