आईच्या नावाचा रकाना

"पण बाबा, एवढं एक पान फाडलं तर देव थोडाच रागावणार आहे?"

एलिशा मास्तरांनी हे विचारलं तेव्हा थोमाबाबा ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. ऐंशी वर्षांचे पाळक. मास्तरांना मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. मास्तर हेडमास्तर होऊन निवृत्त झाले, तरी बाबांना ते अजून शाळकरीच वाटायचे.

"कुठलं पान?"

मास्तरांनी बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर पुढे केलं. त्यांच्या खापरपणजोबांची नोंद होती. नाव मोशे. देवळाच्या पायरीवर सापडलेलं मूल. बापाचं नाव नाही. आईच्या नावाचा रकाना कोरा.

आता आली का पंचाईत! मास्तरांनी आपल्या घराण्याचा इतिहास लिहून काढला होता आणि येत्या रविवारी तो अख्ख्या गावापुढे वाचायचा होता. आमचा मूळपुरुष घोड्यावरून आलेला सरदार, असं ते वर्षभर चावडीवर छातीठोकपणे सांगत होते. आणि निघालं काय, तर टाकून दिलेलं पोर!

"गाव हसेल हो, बाबा. तोंड दाखवायला जागा उरणार नाही."



बाबा उठले, धोतर झटकलं, घंटेचा दोर धरला आणि दणादण घंटा बडवली. मंगळवारी, भर दुपारी!

झालं! पाटलीणबाई पिठाच्या हातांनी धावत आली. कुंभाराची रखमाई चिखलाच्या हातांनी आली. मुलाणीचाचा आले, धनगरांचा बिरू आला, बघता बघता पटांगण भरलं.

"कुठं आग लागली, बाबा?"

बाबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. मास्तरांना म्हणाले, "पान उलट. मोठ्यानं वाच."

पानामागे काय आहे, ते मास्तरांनी पाहिलंच नव्हतं. त्या वेळच्या पाळकानं लिहून ठेवलं होतं, कुठल्या वारी कुणी मोशेला दूध पाजलं ते.

मास्तर वाचू लागले. सोमवारी पाटलाची सून. मंगळवारी कुंभारीण. बुधवारी मुलाण्याची अमिना... एकेक घर येत गेलं. रविवारी धनगराची शेळी.



मास्तरांनी मान खाली घातली. आता हसणार सगळे.

आणि हसलेच. आधी रखमाई.

"अगं बया! म्हंजी मास्तर आमच्याच दुधाचं की!" तिनं त्यांच्या गालांवरून चिखलाचे हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"आधी आमचे," पाटलीणबाई म्हणाली, "सोमवार आधी येतो."

"अन् आमच्या शेळीचं न्हाईत व्हय?" बिरू मागून ओरडला.

मास्तरांनाही हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरचा चिखल ओघळला. इतकं हलकं त्यांना वर्षभरात वाटलं नव्हतं. त्यांनी पान पुन्हा सरळ केलं. रकाना तसाच कोरा होता.

"बाबा... इथं आता काय लिहू?"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढून दिलं आणि शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या.

"बारीक अक्षरात लिही. शेळीलाही जागा ठेव."