शंभर माणसं दाखवा!

राजकन्येचं लग्न तोंडावर आलं आणि पत्रिका छापायचं सॉफ्टवेअरच चालेना!

कारण राजाचा हट्ट. सांबरगडच्या चंद्रसेन राजाने फर्मान काढलं होतं, की यापुढे राज्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमच चालेल. सगळ्यांना खुली, कोणाच्या बापाची नाही! हट्ट तसा वाईट नव्हता. पण या राजाला एकदा काही चांगलं सुचलं की त्याच्या पुढचं सुचायचं बंद व्हायचं. राजाच्या छापखान्यात सगळी पानं ‘पानसजावट’ नावाच्या सॉफ्टवेअरवर लागायची. ते होतं सॉफ्टवेअरचे व्यापारी त्र्यंबकशेट यांचं, जुन्या सिस्टीमसारखंच, आणि नव्या सिस्टीमवर ते उघडतच नव्हतं.

छापखाना चालवायची मथुरा. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, सिस्टीम झकास आहे. पण पानसजावट तिच्यावर नाही. पत्रिका लावू कशा?”

“ते मला विचारू नकोस!” राजा कडाडला. “फर्मान मागे घेणार नाही आणि पत्रिका हाताने लिहून घेणार नाही! केळवणाच्या दिवसापर्यंत पानसजावट नव्या सिस्टीमवर आण. नाहीतर छापखान्याला टाळं, आणि तू राज्याबाहेर!”

दरबारात कॉम्प्युटरचे एक पंडित होते. फर्मानाची कल्पना त्यांचीच. ते मिशीतल्या मिशीत हसले. “एवढं काय रडतेस? दुसरी सॉफ्टवेअरं ढीगभर आहेत की!”

“वापरून पाहिली, पंडितजी. नवरीचं नाव पानावर आणि नवरदेवाचं पानाबाहेर जातं.”

“मग सगळा सोर्स खुला आहे! तूच लिहून घे!”

“वा! पोळी मागितली तर गव्हाचं शेत दाखवता! आणि आपल्या घरी हो कोणती सिस्टीम आहे?”

पंडितांना एकदम खोकला आला. त्यांच्या घरी अजून त्र्यंबकशेटचीच सिस्टीम होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. राजा सोडून.

तिथून मथुरा त्र्यंबकशेटच्या पेढीवर गेली. शेट लोडाला टेकून पान चघळत होते.

“देतो की!” शेट म्हणाले. “नव्या सिस्टीमवर माझी पानसजावट वापरणारी शंभर माणसं मला दाखव. मागणी दिसली की लगेच बनवतो.”

“अहो शेटजी, ती तिथे चालतच नाही, तर वापरणार कोण?”

“कोणी वापरत नाही ना? मग बनवू कशाला?”

या उत्तरावर शेट स्वतःच इतके खूश झाले, की त्यांनी ते मुनीमजींना पुन्हा एकदा ऐकवलं. मुनीमजींनी पगारी मान डोलावली.

“काहीजण जुगाड करून कसंबसं चालवतात, शेटजी. ते मोजा.”

“जुगाड आम्ही मोजत नाही! नीघ आता.”

मथुरा बाहेर आली. राग तर इतका आला होता, की पेढीची पायरीच उचकटून टाकावी! पण पायरीवर राग काढून पत्रिका छापून निघणार नव्हत्या. ती परत राजाकडे गेली.

“महाराज, केळवणाची पंगत वाढायचं काम मला द्या. आणि त्र्यंबकशेटना मानाचं आमंत्रण धाडा.”

“आणि पानसजावट?”

“पंगत उठायच्या आत मिळेल.”

“नाही मिळाली, तर पंगतीतूनच वेशीबाहेर जायचं!” राजाने बजावलं.

केळवणाचा दिवस उजाडला. मानाचं जेवण म्हणून शेटनी सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. चंदनाचा पाट, भोवती रांगोळी, समोर केळीचं हिरवंगार पान. पंगतीत मसालेभात आला, अळूची भाजी आली, तूप सोडलेल्या पुरणपोळ्या आल्या. डाव्या हाताच्या पंडितांना वाढलं, उजव्या हाताच्या सरदारांना वाढलं. शेटचं पान तेवढं कोरडं!

“अगं ए! माझं पान राहिलं!”

मथुरा पोळ्यांचं ताट घेऊन समोर उभी राहिली. “वाढते की, शेटजी. आधी ढेकर द्या.”

“काय?”

“आमच्या मुदपाकखान्याचा नियम आहे. जेवल्याचा ढेकर ऐकू आला की लगेच वाढतो. या पानावर तर कोणी जेवलेलंच दिसत नाही. मग वाढू कशाला?”

पंगतीचे घास हातातच राहिले. समोर पुरणाचा वास दरवळत होता. शेटनी चहूकडे पाहिलं, पोटात हवा ओढली आणि मोठ्या कष्टाने एक बारीकसा ढेकर काढला.

“छे छे!” मथुरा म्हणाली. “जुगाड आम्ही मोजत नाही!”

“अगं, डोकं फिरलंय का तुझं?” शेट पाटावरून अर्धे उठले. “वाढल्याशिवाय जेवू काय, आणि जेवल्याशिवाय ढेकर येईल कुठून?”

“हेच!” मथुरा राजाकडे वळली. “महाराज, ऐकलंत? नव्या सिस्टीमवर पानसजावट द्यायच्या आधी शेटजी माझ्याकडे ती वापरणारी शंभर माणसं मागतात. ती कुठून येणार, ते त्यांनी आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलं!”

पंगतीत खसखस पिकली. शेटचा चेहरा पडला, पण डोळे पोळीवरून हलेनात.

“देतो! देतो! आत्ता माणूस पाठवून मागवतो,” ते ओरडले. “कधीची बनवून तयार आहे, जुनी सिस्टीम खपावी म्हणून कपाटात ठेवली आहे! पण ती पोळी वाढ!”

“कपाटात?” राजा आधी अवाक झाला, आणि मग असा हसत सुटला, की त्याला ठसकाच लागला. “शाब्बास, मथुरा! शंभर माणसं मागणाऱ्या या माणसाला तू एका पोळीवर आणलंस!” त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं, छापखाना कायमचा तिच्या नावावर केला आणि हसतच म्हणाला, “वाढ बाई आता त्याला! आणि तूप जरा सढळ हाताने सोड!”