इकडचं तिकडे

फार पूर्वी, राजांच्या वंशावळी लिहायची पद्धत पडण्याआधी, एका नगरातल्या रुग्णशाळेत दाराआड उभ्या असलेल्या नव्या सुनेच्या कानावर सासऱ्यांचे वाक्य पडले. "तिला कसलं आसन द्यायचं? करते काय ती? इकडचं तिकडे. एवढंच."

वाक्य तिच्यासाठी नव्हते. होते मात्र तिच्याचबद्दल.

रुग्णशाळा त्या घराण्याची. सासरे नाडी बघून औषध देत, थोरले दीर जळवा लावून रक्त काढत, सासूबाई पथ्य ठरवत. तिघांची तीन दालने, तीन आसने. तिघेही आपापल्या विद्येत पारंगत. पण एकमेकांना विचारले की कमीपणा येतो, अशी घराण्याची समजूत. रोगी एकच असे, पण तिघांकडे तो तीन तुकड्यांनी जाई.

नवी सून बोलत नसे, बघत असे. तिने औषध कुटणाऱ्या, पाणी भरणाऱ्या आणि खाटा झाडणाऱ्या बायकांना हाताशी धरले. कुणाला काय दिले, कुणाला काय सोसले नाही, हे एका दालनातून दुसऱ्या दालनात पोचू लागले. उचलून आणलेली माणसे आपल्या पायांनी घरी जाऊ लागली. नगराने वैद्यांचे कौतुक केले. वैद्यांनी ते करूनही घेतले.

नगराच्या राणीने मात्र यामागे कोण आहे याची चौकशी केली आणि सुचवले, की या सुनेसाठी चौथे आसन मांडा. त्यावर सासरे काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलेच. सासूबाईंनी पुस्ती जोडली, की चांगल्या घरच्या मुली इकडचं तिकडे करत नाहीत. दीर म्हणाले, "आज हिला दिलं, तर उद्या जळवाही आसन मागतील." तिघेही हसले. बऱ्याच वर्षांनी तिघांचे एकमत झाले होते.

सुनेला चुलीशी बसवले. तिच्या बायकांना आपापल्या घागरी आणि केरसुण्या बघायला सांगितले.

मग तापाने फणफणलेला एक विणकर आला. सासऱ्यांनी त्याला जुलाब दिला. दिरांनी जळवा लावल्या. सासूबाईंनी लंघन सांगितले. सगळे एकाच दिवशी. तिन्ही उपचार आपापल्या जागी बरोबर होते. माणूस तेवढा गेला.

त्याच्या बायकोचा आक्रोश चुलीपर्यंत पोचला, तेव्हा सुनेला कळले. मागोमाग सासरे दारात आले आणि चिडून म्हणाले, "सूनबाई, तू घरात असताना हे झालंच कसं? एका शब्दानं सांगायचंस तरी."

सुनेने हात धुतले. स्वयंपाकघरातला पाट उचलला, रुग्णशाळेच्या दारात मांडला आणि सगळ्यांदेखत त्यावर बसली. एकेक करून तिच्या बायका मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मामंजी," ती म्हणाली, "चांगल्या घरच्या मुलीनं इकडचं तिकडे करू नये, म्हणून तुम्ही मला चुलीशी बसवलंत. घराण्याचं नाव राहिलं. या विणकरणीचा नवरा राहिला नाही. यापुढे औषधाची पुडी, जळू, पेजेची वाटीसुद्धा मला विचारल्याशिवाय खाटेजवळ जायची नाही. आणि मी काय करते, असं कुणी विचारलं तर खुशाल सांगा. इकडचं तिकडे करते."

तो पाट तिथून पुन्हा कुणी हलवला नाही.

शहाण्यांचा अबोला रोग्याला भोवतो.