जावेचा दगड

करंजवंडच्या तळ्याच्या पायऱ्या संपतात तिथे एक काळा, बसका दगड आहे. गावचे गुरव धोंडूतात्या पाहुण्यांना त्याच्याजवळ नेतात, बसू मात्र देत नाहीत. इथे बसायचा मान जावेचा, आणि ती खाष्ट असेल तर अधिकच, असे ते हसून सांगतात.

फार वर्षांपूर्वी या मुलखात पटकीची साथ आली म्हणे. सकाळी हिंडता-फिरता माणूस उलट्या-जुलाबांनी संध्याकाळी आटोपायचा. गावात तेव्हा भागीरथा नावाची बाई होती. कुणाचे पोट दुखो, कुणी बाळंतपणात अडो, लोक तिच्याच दारात येत, आणि तिला ते फार आवडे. त्याच वर्षी तिची धाकटी जाऊ चिमणा लग्न होऊन घरात आली. चिमणाच्या माहेरची अख्खी आळी पटकीने नेली होती. ती सांगू लागली, पाणी उकळून प्या, आजाऱ्याचे कपडे तळ्यात धुऊ नका, राखेने हात चोळल्याशिवाय घागर बुडवू नका. लोक आधी हसले. दोन-चार घरांनी ऐकले आणि ती घरे वाचली, तसा सगळा गाव चिमणाला विचारायला येऊ लागला.

भागीरथेच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोर, आणि म्हाताऱ्यासुद्धा हिला विचारून पाणी पितात! तिने ठरवले, हिला एकदा तरी चुकताना पकडायची आणि साऱ्या गावासमोर उभी करायची. उजाडले की ती या दगडावर येऊन बसे आणि चिमणाचे हात बघत राही. चिमणा काही चुकेना. भागीरथेला अन्न गोड लागेना.

मग एके दिवशी चिमणा आजाऱ्याचे सगळे करून थेट तळ्यावर आली. जागरणाने डोळे तारवटलेले, हाताची घाण तशीच. घागर घेऊन ती पाण्यावर वाकली. भागीरथेचे काळीज आनंदाने धडधडू लागले. आता फक्त गप्प बसायचे होते. हात पाण्यात गेला की हाकाटी करायची, की उतरलाच हिचा तोरा! पण पाणी उकळण्याइतके सरपण सगळ्यांकडे थोडेच होते? गाव तेच पाणी पिणार होता, तिची स्वतःची लेकरेही.

"हात!" ती किंचाळली. "आधी हात धू, चिमणे!"

चिमणा दचकून मागे सरली. राखेने हात चोळताना तिला रडू कोसळले. भागीरथा दगडावरूनच डाफरली, "बोटांच्या बेचक्यात कोण घासणार? तुझा बाप?"

"जाऊबाई," चिमणा म्हणाली, "उद्याबी बसा हितं. तुमची नजर हाय म्हणून मी चुकत न्हाई."

साथ ओसरली. चिमणाने ही हकीकत आपल्या तोंडाने गावाला सांगितली, तर लोक म्हणाले, बघा, चिमणा किती मोठ्या मनाची! भागीरथेला तेही सोसले नाही. म्हातारपणीही ती चडफडत असे म्हणे, "जन्मभर तिच्या एका चुकीची वाट बघितली, अन् आली तवा मीच हुऊ दिली न्हाई!"

आजही नवी सून पहिली घागर भरायला आली की तिची जाऊ दगडावर बसते. सून राखेने हात धुते, जाऊ खोड काढते, सून पुन्हा धुते. करोनाच्या वर्षी तर बाप्यांनाही इथे रांगेने उभे केले होते. हात कितीही लख्ख झाले तरी जावेने 'छान' म्हणायचे नसते. तोंड वाकडे करून एवढेच म्हणायचे, "भर आता."